चवळी-वालावरचा केवडा फवारून जात नाही. तो पेरणीआधीच अडवावा लागतो

तळेरे : भातकापणी आणि मळणी आटोपली की तळेरे, कासार्डे, ओझरम, दारूम, खारेपाटण या पट्ट्यात रिकामे झालेले कुणगे आणि घरामागची परडी पुन्हा हिरवी होऊ लागतात. जमिनीत उरलेल्या ओलीवर चवळी, वाल, कुळीथ, मूग पेरले जातात. विहिरीचं किंवा व्हाळाचं पाणी असेल तिथे भाजीचा मळा उभा राहतो. घरची भाजी, पावसाळ्यासाठी कडधान्य आणि उरलं तर बाजारात विकून चार पैसे, असा हा हिशेब असतो.

पण कधीकधी महिनाभरात पानांवर पिवळे-हिरवे चट्टे दिसू लागतात, पानं आकसतात, वेल खुरटतो आणि शेंगा वाकड्या, बारीक लागतात. मग शेजारीपाजारी सल्ले मिळतात. कुणी म्हणतो, ‘पानां पिवळी पडली, युरिया घाल.’ कुणी म्हणतो, ‘दुकानातून औषध आणून मार.’ युरियाही घातला जातो, औषधही मारलं जातं आणि रोग तिथेच राहतो. कारण हा रोग विषाणूचा आहे. झाडात शिरलेला विषाणू मारणारं औषध शेतकऱ्याला कोणत्याही दुकानात मिळत नाही. हा रोग बरा करता येत नाही, पण टाळता मात्र येतो. त्यासाठी काय करायचं, ते पुढे टप्प्याटप्प्याने दिलं आहे.

विषाणूचा रोग म्हणजे काय

विषाणू इतका सूक्ष्म असतो की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. तो झाडाच्या पेशीत शिरतो आणि पेशीच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती तयार करून घेतो. त्यामुळे पानातलं हरितद्रव्य नीट तयार होत नाही आणि पान कुठे हिरवं, कुठे पिवळं असं चितकबरं दिसतं. अशा पानाला अन्न कमी तयार करता येतं. फुलं गळतात, शेंगा कमी लागतात, दाणा भरत नाही.

आपल्याकडे हा रोग नवीन नाही. भेंडीवरच्या पिवळ्या शिरांच्या रोगाची नोंद तेव्हाच्या मुंबई प्रांतात १९२४ मध्येच झाली होती. वालावरच्या पिवळ्या केवड्याचा अभ्यास कपूर आणि वर्मा या शास्त्रज्ञांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये सुवासिक फुलांसाठी बागेत लावतात त्या गोड वाटाण्यावरही मावा असेच विषाणू आणतो आणि तिथल्या बागायतदारांनाही रोगट झाड उपटून टाकण्याचाच सल्ला दिला जातो.

‘केवडा’ या एका नावात दोन वेगळे रोग

इथे बऱ्याच जणांची फसगत होते. काकडी, दोडका, पडवळ यांच्यावर पावसाळ्यात येतो त्यालाही ‘केवडा’ म्हणतात आणि चवळी-वालाचं पान पिवळं पडलं तरी ‘केवडा’च म्हणतात. दोन्ही रोग पूर्ण वेगळे आहेत. काकडीवर्गातला केवडा बुरशीसारख्या जिवाणूहून मोठ्या जीवामुळे होतो आणि त्यावर बुरशीनाशक चालतं. चवळी-वालाचा केवडा विषाणूमुळे होतो आणि त्यावर बुरशीनाशकाचा काहीही उपयोग नाही. दुकानात जाऊन नुसतं ‘केवड्याचं औषध द्या’ म्हटलं, तर चुकीची बाटली हातात पडू शकते. म्हणून पीक कोणतं, ते आधी सांगा आणि पानाचा फोटो दाखवा.

रोग ओळखायचा कसा

पान उलटसुलट करून, उजेडात धरून पाहा.

- विषाणूचा मोझॅक : कोवळ्या पानांवर गडद हिरवे आणि फिकट हिरवे डाग एकमेकांत मिसळलेले दिसतात. पान खडबडीत, फुगीर किंवा आकसलेलं असतं.
- पिवळा केवडा : पानावर हळदीसारखे पिवळेधमक ठिपके येतात. ते वाढत जाऊन पूर्ण पान पिवळं होतं. पानामागे पांढरी माशी दिसू शकते.
- काकडीवर्गातला केवडा : शिरांच्या मध्ये कोनाकोनाचे पिवळे डाग दिसतात. सकाळी पानामागे करडी-जांभळट बुरशी दिसते.
- भुरी : पानावर पीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर येतो आणि तो बोटाने पुसला जातो.
- नत्राची कमतरता : खालची जुनी पानं आधी आणि सारखी पिवळी पडतात.
- मॅग्नेशियमची कमतरता : जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग फिकट होतो.
- तणनाशकाचा झोत : शेजारी तणनाशक मारलं असेल तर पानं अरुंद, पिळवटलेली होतात. वारा ज्या बाजूने आला, त्या बाजूची सगळी झाडं एकदम बिघडतात.

आणखी एक सोपी खूण आहे. खताची कमतरता बहुधा पूर्ण वाफ्यात किंवा सलग पट्ट्यात सारखी दिसते. विषाणूचा रोग मात्र सुरुवातीला विखुरलेला असतो. इथे एक झाड, चार पावलांवर दुसरं झाड आणि मधली झाडं ठणठणीत. असं दिसलं तर युरियाची पिशवी बाजूला ठेवा. जास्त युरियाने पाला कोवळा, लुसलुशीत होतो आणि मावा अधिकच वाढतो.

रोग शेतात येतो कुठून

याच्या मुख्य वाटा दोन आहेत आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली वाट बियाण्याची. चवळीचा मोझॅक रोगट झाडाच्या बियांतून पुढच्या पिकात येतो. सगळ्याच बियांत विषाणू नसतो, पण काही थोड्यांत असला तरी पुरतो. समजा शंभरात एकच बी रोगट आहे आणि परड्यात हजार झाडं उगवली, तर पहिल्याच दिवशी दहा ठिकाणी रोग पेरला गेला. त्यानंतर मावा तो दहा ठिकाणांहून चहूकडे नेतो.

दुसरी वाट किडीची. मावा मोझॅक पसरवतो. चवळीच्या शेंड्यावर आणि कोवळ्या शेंगांवर काळा चकचकीत मावा गर्दी करतो, तोच हा. पिवळा केवडा पसरवते ती पांढरी माशी. ती पानाच्या मागच्या बाजूला असते आणि झाड हलवलं की पीठ उडाल्यासारखी उडते. पिवळ्या केवड्यासाठी बियाणं ही मुख्य वाट नाही, पांढरी माशी हीच आहे. ती शेजारच्या रोगट पिकावरून किंवा मेरेवरच्या तणांवरून विषाणू घेऊन येते.

ढगाळ, गार हवेत मावा वाढतो. हवा तापू लागली, कोरडी झाली की पांढरी माशी वाढते. म्हणून थंडीतल्या पिकात माव्यावर आणि फेब्रुवारीनंतरच्या पिकात पांढऱ्या माशीवर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

औषध मारूनही रोग का थांबत नाही

मावा पानावर बसला की आधी सोंड टोचून चव पाहतो. रोगट पानावर एवढी चव घेतली तरी काही सेकंदांत विषाणू त्याच्या सोंडेला लागतो. तो उडून निरोगी झाडावर बसला, तिथेही सोंड टोचली की काम झालं. कीटकनाशकाने मावा मरतो, पण मरायला वेळ लागतो. तोवर त्याने तीन-चार झाडांना टोचलेलं असतं. शिवाय औषधाने बेचैन झालेला मावा एका जागी न बसता जास्त फिरतो. म्हणून बाहेरून उडत येणाऱ्या माव्यामुळे होणारा मोझॅक फवारणीने फारसा अडत नाही.

पांढऱ्या माशीचं गणित वेगळं आहे. तिला विषाणू घ्यायला आणि द्यायला जास्त वेळ रस शोषावा लागतो, पण एकदा विषाणू तिच्या शरीरात गेला की तो अनेक दिवस तिच्यासोबत राहतो. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून तिची संख्या पहिल्यापासून कमी ठेवली तर पिवळ्या केवड्याचा वेग बराच कमी होतो.

दोन्ही बाबतींत एक गोष्ट सारखी आहे. फुलं येण्याआधी झाडाला रोग लागला तर नुकसान मोठं होतं. शेंगा भरत आल्यावर लागला तर फारसं बिघडत नाही. म्हणजे खरी राखण पहिल्या चाळीस दिवसांची आहे.

पेरणीआधी : बियाणं तपासा

- गेल्या वर्षी ज्या शेतात चवळीची पानं चितकबरी होती, तिथलं बियाणं पेरू नका. ते खायला वापरा.
- सुरकुतलेल्या, बारीक, डागाळलेल्या बिया निवडून काढा. मात्र दिसायला चांगली बी निरोगीच असते असं नाही. बी कोणत्या झाडाची आहे, हे जास्त महत्त्वाचं.
- उन्हात वाळवून, राख लावून किंवा बुरशीनाशक चोळून बियाण्यातला विषाणू मरत नाही. तो बीच्या आत, अंकुरात असतो. राखेमुळे साठवणीतल्या भुंग्यापासून बी वाचते, तेवढ्यासाठी राख चांगली.
- दुसऱ्याकडून बियाणं घ्यायचं असेल तर पीक उभं असताना ते शेत पाहून घ्या. ‘चांगलं आहे’ या शब्दावर घेऊ नका.
- घरचं बियाणं बिघडलं असेल तर डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या वाणांची चौकशी करा. कोकण सदाबहार आणि कोकण सफेद हे चवळीचे वाण आणि कोकण भूषण हा वालाचा वाण या विद्यापीठाचे आहेत.

पेरणी करताना

- जागा : जुनी, पिकून गेलेली चवळी उभी असेल तर तिच्या शेजारी नवीन पेरू नका. आधी जुने वेल उपटून जागा साफ करा. जुन्या पिकावरचा मावा आणि माशी सरळ नव्या रोपांवर येते.
- एका जागी दोन-तीन बिया टाका : बियाण्यातून आलेला रोग पहिल्या पानांवरच दिसू लागतो. पंधरा दिवसांनी विरळणी करताना चितकबरं, वाकडं रोप काढा आणि निरोगी ठेवा. या एका सवयीने रोगाची पहिली फळी फुकटात निघून जाते.
- मोकळी जागा ठेवू नका : उडत येणाऱ्या माव्याला उघड्या मातीवरची एकटी हिरवी रोपं पटकन दिसतात. दोन ओळींमध्ये भाताचा पेंढा अंथरला तर मावा कमी उतरतो, ओल टिकते आणि तणही दबतं.
- कडेला मका किंवा ज्वारी : चवळीच्या आठ-दहा दिवस आधी चारी बाजूंनी मक्याच्या दोन ओळी पेरा. बाहेरून आलेला मावा आधी मक्यावर बसतो, तिथे सोंड टोचतो आणि सोंडेला लागलेला विषाणू तिथेच संपतो. चवळीचा विषाणू मक्याला लागत नाही.
- मेर साफ ठेवा : ओसाडी, रानमूग यांसारखी तणं आणि इकडेतिकडे आपोआप उगवलेली चवळी काढून टाका. पीक नसतं तेव्हा माशी आणि विषाणू अशा झाडांवर दिवस काढतात. हे काम पेरणीच्या आधी करा. पीक उभं असताना मेर साफ केली तर तिथली कीड पिकात शिरते.

पहिले चाळीस दिवस : आठवड्यातून दोन फेऱ्या

सकाळी, ऊन चढण्याआधी, आठवड्यातून दोनदा परड्यातून एक फेरी मारा. घरातलं कुणीही हे करू शकतं. पाच गुंठ्यांना अर्धा तास पुरतो. कोवळी पानं पाहा, पान उलटून पाहा, शेंड्याजवळ मुंग्यांची रांग आहे का पाहा. मावा गोड चिकट रस टाकतो, तो खायला मुंग्या येतात आणि त्याच्या बदल्यात माव्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. म्हणजे मुंग्यांची रांग दिसली की वर मावा आहे असं समजा.

रोगट झाड दिसलं तर ‘राहू दे, दोन शेंगा तरी देईल’ असा विचार नको. ते एक झाड दोन शेंगा देईल आणि शेजारच्या पन्नास झाडांना रोग देईल. उपटायची रीत अशी :

- सकाळच्या गारव्यात, कीड सुस्त असताना उपटा.
- झाडावर आधी प्लास्टिकची पिशवी किंवा जुनं पोतं घाला, मग मुळासकट काढा. नुसतं ओढलं तर माशी उडून शेजारच्या झाडावर बसते.
- उपटलेलं झाड मेरेवर टाकू नका. लांब नेऊन खड्ड्यात पुरा किंवा वाळवून जाळा. लगेच गुरांना घातलं तरी चालतं.
- हात साबणाने धुवा आणि मगच निरोगी झाडांना हात लावा. काही विषाणू हाताला लागलेल्या रसातूनही पसरतात.
- वेलाच्या मांडवावर रोगट वेल निरोगी वेलात गुंतला असेल तर बुंध्याशी कापून दोन दिवस सुकू द्या, मग उलगडून काढा.

पेरणीनंतर महिनाभरातच निम्म्याहून जास्त झाडं रोगट झाली असतील तर मात्र एकेक उपटण्यात अर्थ राहत नाही. मिळतील त्या शेंगा भाजीला काढा, त्या पिकातली एकही बी बियाण्याला ठेवू नका आणि हंगाम संपताच शेत पूर्ण मोकळं करा.

मावा आणि पांढरी माशी आटोक्यात ठेवायची घरगुती साधनं

पिवळे चिकट सापळे : पांढरी माशी आणि उडता मावा पिवळ्या रंगाकडे ओढला जातो. तेलाचा रिकामा डबा किंवा पत्र्याचा तुकडा पिवळ्या रंगाने रंगवा, त्यावर एरंडेल तेल किंवा ग्रीस लावा आणि पिकाच्या उंचीपेक्षा थोडा वर काठीला बांधा. चार-पाच गुंठ्यांना तीन-चार सापळे लावा. आठवड्याने पुसून पुन्हा तेल लावा. सापळ्याने सगळी माशी संपत नाही, पण ती कधी आली आणि किती वाढली हे लवकर कळतं.

निंबोळी अर्क : निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी गाळायची. ५ टक्के अर्कासाठी १०० लिटर पाण्याला ५ किलो पूड लागते. १५ लिटरच्या पंपाला ७५० ग्रॅम आणि घरच्या ५ लिटरला २५० ग्रॅम. ५ लिटरला साधारण १० ग्रॅम साबणाचा चुरा घातला की अर्क पानाला चिकटतो. फवारणी संध्याकाळी आणि पानाच्या मागून करा. कोकणात कडुनिंब फारसा नाही, त्यामुळे निंबोळी घाटावरून आणावी लागते. तळेऱ्याहून वैभववाडी-गगनबावडामार्गे कोल्हापूरला जाणंयेणं असतंच. ते शक्य नसेल तर तयार निंबोळीयुक्त औषध घ्या आणि वेष्टनावरच्या प्रमाणातच वापरा.

पाणी आणि राख : सुरुवातीला एखाद-दुसऱ्या शेंड्यावरच मावा असेल तर तो शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात टाका किंवा पाण्याच्या जोराच्या धारेने मावा पाडा. दवात भिजलेल्या पानांवर चुलीची राख उधळण्याची जुनी पद्धतही माव्याला थोडा आळा घालते. विषाणूवर तिचा परिणाम होत नाही.

मित्रकिडे ओळखा : लाल-नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आणि त्याच्या काळसर, सुसरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या मावा खातात. या अळीला शत्रू समजून मारू नका. सरसकट विषारी फवारणीने आधी हेच मरतात आणि मागाहून मावा दुप्पट होतो.

रासायनिक औषध वापरायची वेळ आलीच तर

मावा किंवा पांढरी माशी खूपच वाढली आणि वरच्या उपायांनी आटोक्यात आली नाही, तर कृषी सहायकाला विचारूनच औषध निवडा. तीन गोष्टी पाहा.

पहिली, औषधाच्या वेष्टनावर आपल्या पिकाचं नाव आहे का. कापसावरचं औषध चवळीवर चालतं, असं समजू नका. दुसरी, फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, हे वेष्टनावर लिहिलेलं असतं. चवळीच्या कोवळ्या शेंगा दोन-तीन दिवसाआड तोडाव्या लागतात. त्यामुळे शेंगा सुरू झाल्यावर विषारी औषध मारणं म्हणजे ते आपल्याच ताटात वाढून घेणं. तिसरी, एकच औषध पुन्हा पुन्हा मारू नका. पांढरी माशी औषधाला लवकर सरावते.

फवारताना तोंडाला कापड, हातात मोजे आणि अंगभर कपडे हवेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नका. पंप विहिरीवर किंवा व्हाळात धुऊ नका.

पुढच्या वर्षाचं बियाणं : इथेच खरी जिंकाहार

गावठी चवळी आणि वाल घराघरांत वर्षानुवर्षं राखलेले असतात. सासूने सुनेला, आईने लेकीला दिलेलं हे बियाणं चवीला, शिजायला आणि इथल्या मातीला जुळलेलं असतं. दुकानात तसंच बियाणं पुन्हा मिळेल याची खात्री नसते. पण रोगट झाडाचं बी दरवर्षी ठेवत गेलं तर विषाणूही त्यासोबत राखला जातो. उत्पन्न हळूहळू घटतं आणि एक दिवस ‘आमची चवळी आता लागत नाही’ म्हणून ते वाण सोडून दिलं जातं. मुळात वाण खराब झालेलं नसतं, त्यात रोग शिरलेला असतो.

ते वाचवायचं असेल तर :

- तोडणीच्या शेवटी उरलेल्या शेंगा बियाण्याला ठेवायची सवय मोडा. शेवटच्या शेंगा येतात तोवर बहुतेक झाडांना रोग लागून गेलेला असतो.
- फुलं येत असताना सर्वांत निरोगी दहा-वीस झाडं निवडा आणि त्यांना लाल दोरा बांधा.
- शेंगा धरताना ती झाडं पुन्हा पाहा. ज्याचं पान चितकबरं झालं असेल, त्याचा दोरा सोडा.
- दोरा टिकलेल्या झाडांच्या पहिल्या बहराच्या शेंगा झाडावरच वाळू द्या. त्या वेगळ्या काढा, वेगळ्या सोला.
- बी खणखणीत वाळवून राखेत घोळवा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि वर वर्ष लिहून ठेवा.
- सगळं बियाणं एकाच वर्षी पेरू नका. थोडं मागे ठेवा. एखाद्या वर्षी पीक रोगाने गेलं तर आदल्या वर्षीचं चांगलं बी हाताशी राहतं.

शेजारची भेंडी, मिरची, पपई

प्रत्येक विषाणूची झाडं ठरलेली असतात. भेंडीचा विषाणू चवळीला लागत नाही आणि पपईचा वालाला लागत नाही. पण पांढरी माशी आणि मावा सगळीकडे फिरतात, म्हणून एका पिकावर कीड वाढली की दुसऱ्यालाही धोका असतो.

- भेंडी : पानाच्या शिरा पिवळ्या होतात, फळं फिकट पडतात. पांढरी माशी हा रोग पसरवते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती आणि बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का अनामिका हे वाण या रोगाला तोंड देण्यासाठी तयार केले गेले. काही ठिकाणी त्यांच्यावरही आता रोग दिसतो, त्यामुळे राखण सोडू नका.
- मिरची : ‘बोकड्या’ किंवा ‘चुरडा-मुरडा’ विषाणूने होतो, तसाच फुलकिडे आणि कोळी यांच्यामुळेही होतो. पानाच्या कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी असण्याची शक्यता जास्त. रोपं घाटावरून किंवा बाजारातून आणत असाल तर आकसलेल्या पानाचं एकही रोप घेऊ नका. घरी रोपं करत असाल तर वाफ्यावर बारीक जाळी घाला.
- पपई : फळावर गोल कडी, देठावर तेलकट रेघा आणि शेंड्याची पानं चिंचोळी दिसली की तो मावा पसरवत असलेला विषाणूचा रोग आहे. असं झाड काढून टाकणं हाच उपाय आहे.

लोक विचारतात ते प्रश्न

*रोगट झाडाच्या शेंगा खाल्ल्या तर चालतं का?*
चालतं. वनस्पतींचे हे विषाणू माणसाला किंवा गुरांना लागत नाहीत. औषध फवारलं असेल तर मात्र तोडणीसाठी सांगितलेले दिवस पाळा.

*रोगट झाड उपटलं, त्या जागी पुन्हा चवळी लावू का?*
हंगामाच्या मधेच लावू नका. उभ्या पिकातली कीड त्या कोवळ्या रोपावरच आधी बसेल. तिथे लाल माठ, मुळा असं दुसरं काही पेरा.

*हा विषाणू मातीत राहतो का?*
चवळी-वालाचा मोझॅक आणि पिवळा केवडा मातीतून पसरत नाही. तो जिवंत झाडात, बियाण्यात आणि किडीत टिकतो. म्हणून माती बदलण्याची किंवा मातीत औषध घालण्याची गरज नाही. शेत महिनाभर मोकळं ठेवणं जास्त उपयोगाचं.

*आम्ही सगळं केलं, पण शेजारी करत नाही. मग?*
मग रोग येणारच. माव्याला आणि माशीला मेर कळत नाही. वाडीतल्या लोकांनी बसून दोन गोष्टी ठरवल्या तरी पुष्कळ फरक पडेल : पेरणी पुढेमागे न करता साधारण एकाच आठवड्यात करायची आणि पीक संपलं की जुने वेल आठ दिवसांत काढायचे.

शंका असेल तर कुणाला विचारायचं

चार फोटो काढून ठेवा : पानाची वरची बाजू, पानाची मागची बाजू, पूर्ण झाड आणि लांबून पूर्ण शेत. फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढा. पेरणी कधी केली, बियाणं कुठलं, काय खत-औषध घातलं हे सोबत लिहा. हे फोटो गावच्या कृषी सहायकाला दाखवा. जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र मालवण तालुक्यात किर्लोस इथे आहे. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. मुळासकट उपटलेलं झाड दाखवायला न्यायचं असेल तर ते बंद पिशवीतून न्या, म्हणजे वाटेत कीड सांडणार नाही.

थोडक्यात

- विषाणूला औषध नाही, म्हणून औषधावर पैसे घालवण्याआधी रोग नीट ओळखा.
- बी निरोगी झाडाचंच पेरा.
- पेंढा, मक्याची कड आणि साफ मेर यांनी कीड दूर ठेवा.
- पहिले चाळीस दिवस आठवड्यातून दोन फेऱ्या मारा आणि पहिलं रोगट झाड त्याच दिवशी उपटा.
- फुलं येताना निरोगी झाडांना दोरा बांधा. पुढच्या वर्षीचं पीक त्या दोऱ्यावर अवलंबून आहे.